शेटलँड उडालं होतं

माझी लेक इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत आहे. तीन वर्षांपूर्वी तिनं केंटमध्ये घर घ्यायचं मनात घेतलं आणि बघायला मला आणि तिच्या बाबाला बरोबर नेलं. रॉचेस्टरला मेडवे नदीच्या काठावर फ्लॅट होता. बाल्कनीतून किल्ला दिसत होता आणि ओहोटी लागल्यामुळे खाली नुसता चिखल. लेकीला स्वयंपाकघर आवडलं नाही. आम्ही दहाएक मिनिटांत खाली लॉबीत आलो.

लॉबीच्या भिंतीवर स्टीलचा एक मोठा पत्रा लावला होता आणि त्यावर विमानांच्या आकृत्या कोरल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे पाण्यावरून उडणारी विमानं बांधायचे, असं एजंट बाई कौतुकानं सांगायला लागली. एकेका आकृतीवर बोट ठेवत ती शेवटच्या, सगळ्यात मोठ्या आकृतीपाशी आली. खाली लिहिलं होतं: शेटलँड. फक्त दोन बांधली. वापरात आलं नाही.

"हे फसलेलं," ती हसून म्हणाली.

मी विचारलं, "उडालं होतं का?"

तिला माहीत नव्हतं. ते तिचं कामही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी म्हणाले, "उडालं असेल तर फसलं कशावरून?"

"आई, प्लीज," लेक हळूच म्हणाली. तिचा बाबा दाराबाहेर जाऊन नदीकडे बघायला लागला. मी प्रश्न विचारायला लागले की तो असाच बाहेर जातो. तो भूलतज्ज्ञ आहे. समोरचा माणूस शांत राहिला पाहिजे, ही त्याची आयुष्यभराची सवय.

मी एवढी का चिडले, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मिल्टन कीन्समधल्या एका कंपनीत मी वीसेक वर्षं विमानांच्या दारांच्या बिजागऱ्या आणि कुलपं डिझाइन केली. कंपनीनं आमचं ऑफिस बंद केलं आणि काम दुसऱ्या देशात हलवलं, त्याला थोडेच महिने झाले होते. मी साठीला टेकले होते. निरोपाच्या दिवशी केक कापताना सगळे म्हणाले, आता आराम कर, योग्य वेळी सुटलीस. मला सुटायचं नव्हतं. पण हे कुणी विचारलंही नव्हतं.

घरी आल्यावर मी त्या विमानाबद्दल मिळेल ते वाचलं. युद्ध ऐन भरात असताना सरकारला समुद्रावर फार लांबपर्यंत गस्त घालू शकेल असं एक अवाढव्य विमान हवं होतं. धावपट्टी नको, पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं. एका कारखान्यानं धड बांधलं, दुसऱ्यानं पंख. पंखांची लांबी दीडशे फूट, इंजिनं चार. त्या वेळी ब्रिटनमध्ये त्याहून मोठं विमान नव्हतं. पण रोजच्या लढाईला लागणाऱ्या लहान विमानांचं काम आधी, त्यामुळे हे रेंगाळत राहिलं. शेवटी ते नदीत उतरवलं तोवर युद्धाचा शेवटचा हिवाळा आला होता आणि ज्या कामासाठी ते बांधलं त्या कामाची गरजच राहिली नव्हती. तोफांच्या जागा झाकून टाकल्या होत्या. तरी ते मेडवेवरून उडालं आणि परत नदीत उतरलं. पुढे युद्ध संपल्यावर सफोकच्या किनाऱ्यावर नांगरून ठेवलेलं असताना त्याला आग लागली आणि ते जळून बुडालं. दुसरं प्रवासी विमान म्हणून पूर्ण केलं. तेही उडालं. पण एव्हाना जगभर युद्धातल्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या आणि पाण्यावर उतरणारं विमान कुणालाच नको होतं. काही वर्षांनी ते मोडीत काढलं.

एवढीच हकिगत. वाचून संपली तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि नवऱ्याला सांगितलं, "दोन्ही उडाली होती."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

मी चार-पाच वर्षांपासून शहराबाहेरच्या एका मॉडेल विमानांच्या क्लबात जाते. खडी काढून झाल्यावर राहिलेल्या खाणीत पाणी साठून तिथे मोठं तळं झालंय. मालक शेतकरी आहे. त्याच्या परवानगीनं क्लब तळ्यावर आणि बाजूच्या माळावर रिमोटची विमानं उडवतो. क्लबात मी एकटीच बाई आणि एकटीच भारतीय. सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. इतकं चांगलं, की माझं विमान पडलं तर कुणी हसत नाही. एकमेकांची पडली की मात्र पोट धरून हसतात. हा फरक मला पहिल्या महिन्यातच कळला होता.

त्या वर्षी क्लबानं ठरवलं की उन्हाळ्यातला शो फक्त पाण्यावरून उडणाऱ्या युद्धकाळातल्या विमानांचा करायचा. मीटिंगमध्ये जो तो आपल्या विमानाचं नाव सांगत होता. सगळी ओळखीची, दुकानात किट मिळणारी. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, शेटलँड.

क्लबचे चेअरमन उंच, सडपातळ, सत्तरीचे गृहस्थ आहेत, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्याचं किट नाही, प्लॅन नाहीत, आपल्या माहितीत कुणी ते केलेलं नाही, असं त्यांनी मला समजावलं. एवढं जड धड आणि चार मोटरी म्हटलं की पाण्यावर नाना अडचणी येतात. त्यांच्याकडे एका छोट्या, गोजिऱ्या विमानाचं न उघडलेलं किट पडून होतं, ते मी खुशाल घेऊन जावं. मग ते अगदी मनापासून म्हणाले, "तुझा हिरमोड झालेला मला बघवणार नाही."

"मग बघू नका," मी म्हणाले.

कुणीतरी खोकलं. चेअरमनसाहेबांनी माझ्या नावापुढे शेटलँड लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी शेजारीच बसले होते, मला दिसत होतं.

प्लॅन नव्हते ते मी काढले. छापलेल्या जुन्या आकृत्या आणि फोटो यांच्यावरून मापं घेतली आणि सोळापट लहान करून कॉम्प्युटरवर रेखाटली. पंख नऊ फुटांच्या वर गेला. तो तीन तुकड्यांत करायचा, म्हणजे गाडीत मावेल. धडाचा सांगाडा पातळ प्लायवुडचा, वर बाल्साचं हलकं लाकूड आणि त्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड. गॅरेजमध्ये थंडीत रेझिन सुकेना, म्हणून धड डायनिंग टेबलवर आलं आणि वसंत ऋतू उलटेपर्यंत तिथेच राहिलं. आम्ही सोफ्यावर बसून मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. नवऱ्यानं रेझिन मोजायला हॉस्पिटलसारख्या सिरिंजा मागवल्या आणि त्या कामात तो इतका रमला की मला हात लावू देईना. एकदा मात्र पोह्यांत बाल्साचा भुसा निघाला तेव्हा त्यानं ताट बाजूला ठेवून विचारलं की आपण साठीनंतर असं जगायचं ठरवलं होतं का.

लेक वीकेंडला यायची. तिचं मराठी घरापुरतं आहे. दारातून आत येतानाच म्हणाली, "आई, हा पंखा किती मोठी आहे!" मी म्हटलं, पंखा नाही, पंख, आणि मोठी नाही, मोठा. तिनं मान डोलावली आणि पुढे कायम पंखाच म्हणत राहिली.

एप्रिलमध्ये आम्ही बाबासाहेबांच्या जयंतीला कॉव्हेंट्रीला गेलो. दर वर्षी जातो. तिथे आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. कार्यक्रमानंतर जेवताना त्यांनी माझी चौकशी केली आणि विमानाचं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचं म्हणणं असं की माझ्यासारख्या इंजिनिअर बाईनं मुलींना शिकवावं, व्याख्यानं द्यावीत. इंग्रजांच्या युद्धातलं जळून गेलेलं विमान बांधण्यात काय अर्थ आहे? शेजारी बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "अहो दादा, असं का म्हणता? हिची नोकरी गेली, त्या विमानाचंही तसंच झालं. मन गुंतलं असेल."

त्यांचा हेतू चांगला होता. पण मला ते अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, "ताई, माझी नोकरी गेली, मी जळाले नाही. आणि विमान म्हणजे मी नाही. ते विमान आहे." मग दादांकडे वळून म्हणाले, "दादा, मुलींना मी शिकवतेच, शनिवारी. पण जे बांधलं आणि उडालं, त्याला लोक झालंच नाही म्हणतात. हे मला कुणाच्याच बाबतीत चालत नाही. इंग्रजांच्याही नाही."

दादांनी भाताचा घास संपवला. मग त्यांनी मला विचारलं की बॅटरी किती वेळ चालते.

घरी परत येताना गाडीत मला माझं नागपूरचं कॉलेज आठवलं. वर्कशॉपमध्ये मी लोखंडाचा तुकडा कानस मारून चौकोनी करत असायचे आणि मागून हलक्या आवाजात ऐकू यायचं, कोट्यातली आहे, काहीही केलं तरी पास होणार. माझा तुकडा काटकोनात बसायचा. गुण्या लावून सर तो सगळ्यांना दाखवायचे. तरी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य परत. तेव्हा मला वाटायचं, तुकडा बोलेल. पण तुकडा बोलत नाही. कुणीतरी बोलावं लागतं.

मेमध्ये पहिली चाचणी घेतली. चेअरमननी अट घातली होती की शोच्या आधी क्लबच्या दोन माणसांसमोर विमान एकदा नीट उडून उतरलं पाहिजे. अट रास्त होती, शोला लोक काठावर उभे असतात. ते स्वतः आले आणि क्लबचे खजिनदार आले. लेक फोनवर शूटिंग करत होती. मी शेटलँड पाण्यात सोडलं आणि चारही मोटरी चालू केल्या. ते तरंगत होतं तेव्हा फार देखणं दिसलं. वेग वाढवला तसं नाकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी असं उसळलं की आतल्या दोन मोटरींचे पंखे पाण्यात फिरायला लागले. विमान म्हशीसारखं डुंबत पलीकडच्या लव्हाळ्याच्या बेटापर्यंत गेलं आणि थांबलं.

चेअरमननी मला दोष दिला नाही. मोठ्या धडाचं हे असं होतं, म्हणाले.

मी धडाच्या खालच्या कडांना दोन्हीकडून पातळ पट्ट्या लावल्या, म्हणजे पाणी वर न उसळता बाजूला फेकलं जाईल. जूनमध्ये दुसरी चाचणी. या वेळी पाणी खरोखर खाली राहिलं. विमान पाण्यातून थोडं वर आलं, सपाट धावायला लागलं, वेग चांगला आला. पण ते पाणी सोडेना. मी नाक उचलून बघितलं, रिमोटवरची काठी अगदी पोटाशी ओढली, तरी तळ पाण्याला चिकटल्यासारखा. तेवढ्यात बाजूनं वाऱ्याचा झोत आला. तोल राखायला डाव्या पंखाच्या टोकाखाली लावलेला तरंगता पाय पाण्यात घुसला आणि नऊ फुटांचं विमान स्वतःभोवती गिरकी घेऊन उलटं झालं. लाकूड मोडल्याचा आवाज काठावर आला.

नवरा क्लबची छोटी नाव घेऊन गेला. त्याला वल्हवता येत नाही. तो गोल गोल फिरत शेवटी पोचला आणि शेटलँडला दोरी बांधून घेऊन आला. पाय तुटला होता, डावा पंख मधोमध मोडला होता, धडात पाणी भरलं होतं. कुणीही हसलं नाही. त्या दिवशी कुणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चेअरमन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. शोचं माहितीपत्रक छापायला जातंय आणि त्यात शेटलँड घेतलेलं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी छोटं विमान आणावं, किंवा शेटलँड दुरुस्त करून नुसतं काठावर मांडावं, लोकांना बघायला आवडेल. "तू जितकं केलंस तितकंही कुणी केलं नसतं," ते म्हणाले. "आता थांबलीस तरी त्यात काही कमीपणा नाही."

मी म्हणाले, "कमीपणाचं मला माहीत नाही. पण मी थांबत नाहीये."

घरी येऊन धड बाथटबमध्ये ठेवून धुतलं आणि पुसून कोरडं केलं. मग लेकीनं काढलेला व्हिडिओ मी टीव्हीवर लावला आणि अगदी हळू करून बघायला लागले. पुन्हा पुन्हा तेच काही सेकंद. लेक शेजारी बसली होती. शेवटी मला दिसलं.

पाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या पोटाला मध्ये एक आडवी पायरी असते. वेगात धावताना पाणी त्या पायरीच्या कडेवरून सुटतं, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि मगच विमान पाण्यापासून वेगळं होतं. व्हिडिओत पाणी पायरीवरून सुटत नव्हतं. ते कडेवरून गोल वळून मागच्या तळाला चाटत वर चढत होतं. पायरीची कड धारदार हवी. मी ती पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत, गोल केली होती. दिसायला सुंदर व्हावी म्हणून.

"एवढंच?" लेकीनं विचारलं.

"एवढंच."

"आणि आपण एवढी रडलो?"

"तू रडलीस," मी म्हणाले. "मी नाही." ती हसली, मग मीही हसले. आणि मला एकदम भूक लागली.

पायरीच्या कडेला मी प्लॅस्टिकची कडक पट्टी बसवली. कड अशी ठेवली की बोट फिरवलं तर टोचेल. डावा पंख नव्यानं केला. या वेळी नवऱ्याला रजा होती आणि तो दिवसभर गॅरेजमध्ये होता. त्यानं एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी.

शोच्या आधीच्या सोमवारी मी चेअरमनना फोन केला. माहितीपत्रक तर छापून झालंय, ते म्हणाले. मी म्हटलं, पत्रक राहू दे, तुमची अट पूर्ण करायची आहे, तुम्ही आणि खजिनदार उद्या सकाळी या. ते जरा घुटमळले, पण आले. हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते: बोलावलं की ते आले.

वारा समोरून होता, मंद. तळ्यावर आम्ही चौघंच. शिवाय कुत्रा फिरवणारी एक बाई कुंपणापाशी थांबली होती. मी चारही मोटरींना हळूहळू ताकद दिली. विमान पाणी कापत निघालं, नाक उचललं, मग सपाट झालं. पायरीच्या मागून पाण्याची पांढरी रेघ सरळ सुटलेली मला काठावरून दिसली. मी काठी किंचित मागे घेतली. तळाखालून पाणी गेलं आणि विमानाची सावली पाण्यावर वेगळी पडली.

ते उडालं. मोठी विमानं उडतात तसं, सावकाश. बेटावरून वळण घेऊन माळाकडे गेलं, परत आलं. मी त्याला दोन फेऱ्या मारू दिल्या. मग त्याचं नाक वाऱ्याकडे ठेवून उतरवलं. उतरताना ते एकदा हलकेच उडी मारून पुन्हा टेकलं आणि पाणी दोन्ही बाजूंना पसरत आमच्याकडे आलं.

नवरा घोटाभर पाण्यात उभा होता, बुटांसकट. खजिनदारांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननी विमान काठाला लागेपर्यंत त्यावर नजर ठेवली. मग म्हणाले, "उतरताना जरा उसळलं."

"हो," मी म्हणाले. "पुढच्या वेळी नाही उसळणार."

रविवारी शो होता. सकाळपासून वारा सुटला होता आणि तोही तळ्याला आडवा. लहान विमानं कशीबशी उडत होती. मोठी कुणीच पाण्यात घालत नव्हतं. मी शेटलँड काठावर टेबलांच्या रांगेत मांडलं. लोक येऊन फोटो काढत होते. मुलं विचारत होती हे खरं होतं का, आणि मी सांगत होते.

चेअरमन लाउडस्पीकरवरून एकेका विमानाची ओळख करून देत होते. त्यांची माझ्याकडे पाठ असताना मला ऐकू आलं: आणि इथे आहे शेटलँड, कमनशिबी शेटलँड, जे विमान कधी झालंच नाही.

मी टेबल सोडून चालत गेले. त्यांच्याजवळ पोचले तेव्हा ते पुढच्या विमानाकडे वळले होते. मी हात पुढे केला. त्यांना वाटलं असावं मला काही विचारायचंय. त्यांनी माइक खाली केला आणि मी तो घेतला. लेक लांबून माझ्याकडे बघत होती. "आई, प्लीज" असं तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. पण ती पुढे आली नाही.

मी इंग्रजीत बोलले, माझ्या नागपुरी उच्चारात, आणि फार वेळ नाही. मी म्हणाले, आत्ता जे सांगितलं ते बरोबर नाही. हे विमान झालं. माणसांनी ते बांधलं, त्यातल्या कित्येक बायका होत्या. युद्धात, खिडक्यांवर काळे पडदे ओढून, बाँब पडायच्या भीतीत. ते एका हिवाळ्यात मेडवे नदीवरून उडालं आणि नदीतच उतरलं. नंतर जळालं, ती वेगळी गोष्ट. दुसरं बांधलं, तेही उडालं, नंतर मोडलं, तीही वेगळी गोष्ट. कामाला लावलं नाही म्हणून ते झालंच नाही असं नसतं. ज्यांनी बांधलं त्यांनी आपलं काम पूर्ण केलं होतं. आणि हे समोरचं मंगळवारी इथेच उडालंय. खजिनदारांना विचारा.

खजिनदारांनी हात वर केला. थोडे लोक हसले, थोड्यांनी टाळ्या वाजवल्या, बरेचसे आइस्क्रीमच्या रांगेत होते. मी माइक परत दिला. चेअरमनचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "थँक यू," आणि पुढच्या विमानाची ओळख करून द्यायला लागले.

दुपारी वारा पडायला लागला. निम्मी गर्दी गेली होती. चेअरमन माझ्या टेबलापाशी आले. आता बरं आहे, म्हणाले, वाटलं तर उडव, मी अनाउन्स करतो. व्यवस्थित करतो, असंही म्हणाले.

मी ओलं बोट वर धरलं. तळ्याकडे पाहिलं. लव्हाळा अजून आडवा वाकत होता.

"नाही," मी म्हणाले. "वारा अजून आडवा आहे. माझ्या विमानाला नाही चालणार."

"लोक बघायला थांबलेत."

"थांबू दे. मला त्यांना काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लव्हाळ्याकडे. गणिताचे मास्तर होते, उत्तर बरोबर आहे हे त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली. जाता जाता त्यांनी विचारलं की पायरीची कड किती धारदार ठेवलीस. मी विमान आडवं करून दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि पटकन मागे घेतलं.

आम्ही पंखाचे तीन तुकडे सोडवले, धड ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. लेकीच्या मांडीवर डाव्या पंखाचं टोक आलं आणि घरी पोचेपर्यंत ती ते धरून बसली. वाटेतल्या प्रत्येक राउंडअबाउटवर नवरा इतका हळू वळत होता की मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"बाबा, जोरात चालव ना," लेक म्हणाली.

"तुझ्या आईचं विमान आहे आत," तो म्हणाला. "वाजवू दे त्यांना."